झिपरोजीचा एकांताचा दाखला

एका जंगलात एक अस्वल राहत होतं आणि मुलांनो, त्या अस्वलाला कोणीही आवडत नव्हतं.

असं तोंड वाकडं करू नका. गोष्टीतल्या अस्वलाला सगळे आवडलेच पाहिजेत असा काही नियम नाही. घरी पाहुणे आले की तुम्हाला तरी आतल्या खोलीत जाऊन बसावंसं वाटतंच ना? आई हाक मारते. तुम्ही बाहेर येता, नमस्कार करता, 'कितवीत आहेस' याचं उत्तर देता आणि पुन्हा आत पळता. या अस्वलाचंही तसंच होतं. फक्त त्याला हाक मारायला आई उरली नव्हती. म्हणून तो एकदा जो आत पळाला, तो बाहेर आलाच नाही.

त्याचं नाव झिपरोजी.

त्याचं असं झालं. जंगलाच्या मध्यावर मोहाचं एक मोठं झाड होतं. फुलं गळायला लागली की सकाळी सगळे तिथे खायला जमायचे आणि खाता खाता एकमेकांना विचारायचे, "काय, फुलं खाताय?"

झिपरोजीच्या तोंडात फुलं, पायाखाली फुलं, केसांत अडकलेली फुलं. तरी विचारणार, "काय झिपरोजी, फुलं खाताय वाटतं?"

पाच वर्षं त्याने "हो" म्हटलं. सहाव्या वर्षी एका सकाळी त्याच्या तोंडून निघून गेलं, "नाही, नांगरट करतोय." एका हरिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. झिपरोजीला तेव्हाच कळलं, की आपण चार जणांत राहायच्या लायकीचे उरलो नाही. तो उठला, अंगावरची फुलं झटकली आणि घोगऱ्या डोंगरावर निघून गेला.

डोंगराच्या माथ्याजवळ एक गुहा होती. समोर झरा होता. पाठ खाजवायला ऐनाचं खरखरीत झाड होतं आणि भूक लागली तर हाताच्या अंतरावर वारूळ. झिपरोजी दिवसभर उन्हात बसायचा, पाठ खाजवायचा, दुपारी डुलकी काढायचा. झऱ्याचा आवाज ऐकायचा. झरा त्याला काही विचारत नसे. मुलांनो, तो इतका सुखी होता की कधीकधी त्याला स्वतःचीच दृष्ट लागेल अशी भीती वाटायची.

खरं सांगायचं तर तो तप वगैरे काही करत नव्हता. पण लांबून पाहणाऱ्याला तप आणि डुलकी यांत फरक दिसत नाही. आणि जटा तर त्याला जन्मापासूनच होत्या.

अशी चार वर्षं गेली. मग वनराज शेजारच्या जंगलात लग्नाला गेले.

जेवणं झाल्यावर तिथला राजा मिशा पुसत सहज म्हणाला, "आमच्याकडे सात एकांतवासी साधू आहेत. तुमच्याकडे किती?"

वनराजांनी विषय बदलून जिलबीचं कौतुक केलं. पण ती सात साधूंची गोष्ट त्यांच्या पोटात जिलबीपेक्षा जास्त दिवस राहिली. घरी येताच त्यांनी तरसोजी कारभाऱ्याला बोलावलं. हा तरसोजी म्हणजे तरस. वाकून चालायचा आणि वाकून बोलायचा.

"आपल्या राज्यात साधू किती?"

"पलीकडच्या कड्यावर गिधाडांचा मठ आहे, महाराज. अकरा जण आहेत. सगळे टकले."

"ते झाले मठवासी. मठ काय, कुठेही असतो. मला एकांतवासी हवाय. एकटा राहणारा, कोणाशी न बोलणारा."

"मग घोगऱ्यावर एक अस्वल आहे. कोणाशी बोलत नाही."

"का बोलत नाही?"

"शिष्ट आहे, असं त्याचे नातेवाईक म्हणतात."

"आजपासून तो विरक्त आहे म्हणा," वनराज म्हणाले.

पण कारभार असा 'म्हणा' म्हणून चालत नाही. तरसोजीने रीतसर नियम केला. एकटा राहील तो एकांतवासी. तिघांपेक्षा जास्त एकत्र राहतील तो मठ. जटा असल्यास बहुधा एकांतवासी, टक्कल असल्यास बहुधा मठवासी. शंका असल्यास पाहणी करावी. हे सगळं पळसाच्या पानावर लिहिलं. पळसाला पानं तीनच, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या जंगलात प्रत्येक हुकुमाच्या तीन प्रती निघतात, त्या तेव्हापासून.

तरसोजी डोंगर चढून गुहेपाशी आला. झिपरोजी झाडाला पाठ घाशीत होता.

"काय बुवा, पाठ खाजवताय?"

झिपरोजीच्या अंगावर काटा आला. चार वर्षांत त्याला कोणी असं विचारलं नव्हतं.

"हे बघा," तरसोजी म्हणाला, "घोगरा डोंगर एकांतवासी साधूंसाठी राखून ठेवलाय. आपल्याकडे एकांताचा दाखला आहे का?"

"कसला दाखला?"

"आपण एकटे राहता याचा. नसेल तर गुहा मोकळी करावी लागेल. महाराजांच्या मेहुण्यांना वैद्याने हवापालट सांगितलाय. त्यांना हीच गुहा पसंत पडलीय."

झिपरोजीने गुहेकडे पाहिलं. झऱ्याकडे पाहिलं. ही गुहा गेली की पुन्हा मोहाचं झाड. पुन्हा तीच फुलं, तोच प्रश्न.

"पण मी एकटाच राहतो," तो म्हणाला. "दिसतंय ना?"

"दिसतंय. पण दिसणं वेगळं आणि दाखला वेगळा. आपल्याला जवळून ओळखणारे दोन साक्षीदार आणा."

"मला कोणी जवळून ओळखत नाही."

"अरेरे. म्हणजे साक्षीदार नाहीत."

"अहो, जवळून ओळखणारे असते तर मी एकटा कसा असतो?"

"बुवा, नियम मी केलेला नाही," तरसोजी म्हणाला. त्याने तो आदल्या दिवशीच केला होता. "पण तुम्ही भले दिसता. तुमच्यासाठी पाहणी समिती पाठवतो. पंधरा दिवस इथे राहील, तुमच्याबरोबर कोणी राहतं का ते पाहील आणि दाखला देईल."

"इथे राहील?"

"मग? एकांत काय लांबून कळतो?"

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्ष होते हुप्पाजी वानर. ते सगळ्याच समित्यांचे अध्यक्ष असत, कारण सगळ्यांत उंच फांदीवर तेच बसत. सभासद होत्या चिकटाबाई घोरपड. आणि लिहून घ्यायला एक मुंगूस.

"तुमचं चालू द्या हो," हुप्पाजी गुहेत शिरत म्हणाले. "आम्ही नाहीच असं समजा."

असं म्हणून त्यांनी कोनाड्यातलं मधाचं पोळं उतरवलं.

झिपरोजीने ते नाहीतच असं समजायचा फार प्रयत्न केला. पण चिकटाबाई गुहेच्या छताला चिकटून बसायच्या आणि तो डुलकी काढायला लागला की बरोबर वरून विचारायच्या, "झोपलात का?" हुप्पाजी रोज सकाळी नियमाने चौकशी करत.

"काल कोणी आलं होतं का तुमच्याकडे?"

"तुम्ही."

"आम्हाला सोडून."

"नाही."

"लिहा रे, माहिती द्यायला टाळाटाळ करतात."

तिकडे खाली बातमी पसरली, की घोगऱ्यावर समिती बसली आहे. समिती बसली म्हणजे काहीतरी असलंच पाहिजे. हरणं आली, ससे आले, रानडुकरं बायकापोरांसकट आली. येताना कोणी उंबरं आणली, कोणी मोहाची फुलं. झऱ्यापाशी रांग लागली. झिपरोजी दात ओठ खाऊन पुढ्यातली फुलं चघळत बसला. रांगेतल्या पहिल्या सशाने प्रेमाने वाकून विचारलं, "काय महाराज, फुलं खाताय?"

झिपरोजीने डोळे मिटून घेतले.

"समाधी लागली," ससा मागच्याला म्हणाला.

पंधरा दिवस संपले. सोळाव्या दिवशी तरसोजी आला. गुहेसमोर सगळे गोल करून बसले. दाखला मिळाला की हे सगळे जातील, गुहा माझी आणि झरा माझा, एवढं एकच झिपरोजीच्या मनात होतं. मुंगसाने घसा साफ केला आणि अहवाल वाचायला घेतला.

"सदरहू गुहेत एकूण चार जण राहतात. एक अस्वल, एक वानर, एक घोरपड, एक मुंगूस. चौघे एकाच झऱ्याचं पाणी पितात. चौघे एका वेळी जेवतात. सबब सदरहू गुहेत एकांत आढळून आला नाही."

झिपरोजी ताडकन उठला. "अहो, हे तुम्हीच आहात!"

"मग काय झालं?" हुप्पाजी शांतपणे म्हणाले.

"तुम्ही मोजायला आलात! स्वतःलाच काय मोजता?"

"बुवा, आम्ही स्वतःला वगळलं असतं तर उद्या लोक काय म्हणाले असते? समितीने आपल्या माणसांना सांभाळून घेतलं म्हणाले असते. आमच्या वाडवडिलांपासून आमच्या घरात असला पक्षपात नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढा प्रामाणिक वानर त्या जंगलाने पाहिला नव्हता.

तरसोजीने नियम उघडून पाहिला. "तिघांपेक्षा जास्त एकत्र राहतात तो मठ. म्हणजे हा मठ झाला. अभिनंदन, बुवा! मठ म्हटल्यावर गुहा तुमच्याकडेच राहील. आणि इथे सगळ्यांत जुने तुम्ही, म्हणजे महंतही तुम्हीच. आता नियमाप्रमाणे रोज घंटा, पंगत आणि प्रवचन झालं पाहिजे."

अशी ती गुहा वाचली. फक्त झिपरोजीला ती ज्यासाठी हवी होती, ते तेवढं गेलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याला राग आला. तो दगडावर चढला आणि सगळा जीव एकवटून गरजला, "निघा! आत्ताच्या आत्ता निघा!"

श्रोते भारावून गेले. हुप्पाजींनी हात जोडून मागच्यांना समजावून सांगितलं, "संसारातून निघा म्हणतात." आणि त्या एका प्रवचनाने मठात एकवीस शिष्य वाढले.

आठवडाभर झिपरोजीने घंटा ऐकली. मग एक दिवस भर दुपारी, पंगत बसली असताना, हात धुवायला म्हणून तो झऱ्याच्या मागे गेला आणि पलीकडच्या उताराने खाली निघाला. जाता जाता त्याने ऐनाच्या झाडाला एकदा पाठ टेकवली. खाजवली नाही. नुसती टेकवली.

पण जायचं कुठे? जंगलात दुसरी गुहा नव्हती. समोर दरी होती आणि दरीच्या पलीकडे कडा होता. कड्यावर एका ओळीत अकरा गिधाडं बसलेली होती. घोगऱ्यावरून चार वर्षं तो त्यांना पाहत आला होता. इतक्या वर्षांत त्यांतलं एकही दुसऱ्याकडे वळून बोलताना त्याला दिसलं नव्हतं.

'गर्दी ती गर्दीच,' झिपरोजी मनाशी म्हणाला. 'पण निदान तिथे मला कोणी ओळखत नाही.'

संध्याकाळपर्यंत तो कडा चढून वर पोहोचला. पहिल्याच दगडावर मठाचे महंत बसले होते, निरिच्छबुवा. डोक्यावर एक केस नाही, मानेवर पन्नास सुरकुत्या.

"मला इथे राहायचंय," झिपरोजी धापा टाकत म्हणाला.

निरिच्छबुवा म्हणाले, "राहा."

"माझं नाव—"

"सांगितलंच पाहिजे असं नाही."

मुलांनो, इतकं प्रेमळ वाक्य झिपरोजीने जन्मात ऐकलं नव्हतं.

"इथले नियम काय?" त्याने विचारलं.

"एकाचा पंख दुसऱ्याला लागू नये इतक्या अंतराने बसायचं. बाकी काही नाही."

"मला जटा आहेत. चालेल?"

"केस शेवटी सगळ्यांचेच जातात."

"आणि आहार?"

"आम्ही कोणाला मारत नाही," निरिच्छबुवा म्हणाले. "कोणाकडे मागत नाही. ज्याने आपणहून देह ठेवला, त्याचाच स्वीकार करतो."

"आणि कोणी ठेवलाच नाही तर?"

"ठेवतात. सगळेच ठेवतात. आम्हाला घाई नाही."

हे म्हणताना त्यांनी झिपरोजीकडे डोक्यापासून पायापर्यंत सावकाश पाहिलं. केवढी ही करुणा, झिपरोजीला वाटलं. आजवर कोणी त्याच्याकडे इतकं मन लावून पाहिलं नव्हतं.

तो ओळीत बारावा बसला. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळं होती, त्यामुळे पोटाचा प्रश्न नव्हता. डाव्या हाताला बसलेल्या गिधाडाचं नाव त्याला दोन महिन्यांत कळलं नाही. त्या गिधाडाला तरी त्याच्या डावीकडच्याचं कुठे ठाऊक होतं! दिवसच्या दिवस जात. समोर दरी, वर आभाळ आणि आजूबाजूला अकरा जण, पण कोणी कोणाचं नाही. झिपरोजीला घोगऱ्यावर मिळालं नव्हतं इतकं सुख इथे मिळालं. गुहेत कोणी येईल की काय अशी धास्ती तरी असायची. इथे जे यायचे ते सगळे आधीच आलेले होते.

इकडे वनराज संतापले होते. मागितला एकांतवासी, आणि मिळाला आणखी एक मठ. शेजारच्या राजाची परतभेट आठ दिवसांवर येऊन ठेपलेली. मेहुणे हवापालटाला घोगऱ्यावर गेले आणि घंटेने डोकं उठलं म्हणून तिसऱ्या दिवशी परत आले.

"कड्यावर जा," ते तरसोजीवर ओरडले. "पुन्हा पाहणी करा. कुठूनही करा, पण एकांत सापडलाच पाहिजे!"

समिती कड्यावर आली. हुप्पाजींनी पहिल्या गिधाडाला विचारलं, "काय, बसलात?"

उत्तर नाही.

दुसऱ्याला विचारलं, "काय, दरी बघताय?"

उत्तर नाही. हुप्पाजी अकराव्यापर्यंत आले तेव्हा त्यांना घाम फुटला होता. आपण विचारावं आणि समोरच्याने उत्तर देऊ नये, हे त्यांच्या घराण्यात कोणाच्या वाट्याला आलं नव्हतं. उन्हात त्यांना भोवळ आली आणि ते मटकन खाली बसले. त्याबरोबर अकराच्या अकरा माना त्यांच्याकडे वळल्या. दोन गिधाडं एकेक उडी मारून जवळ आली.

हुप्पाजींची भोवळ तिथल्या तिथे उतरली. ते शेपूट खांद्यावर टाकून खाली पळत सुटले. चिकटाबाई त्यांच्याही पुढे होत्या. घोरपड इतकी लवकर सुटते हे मुंगसाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अहवाल मात्र चोख झाला. समिती यावेळी मुक्कामाला राहिली नव्हती, त्यामुळे तिला स्वतःला मोजायची संधीच मिळाली नाही. 'कड्यावर एकूण बारा जण राहतात. त्यांतला कोणीही कोणाबरोबर राहत नाही. सबब बारा एकांतवासी.'

बारा! शेजारच्याचे सातच. वनराजांनी जिलबी वाटली.

प्रत्येकाला दाखला मिळाला. 'सदरहू अस्वल एकटं राहतं', अशी ओळ लिहिलेलं पळसाचं पान झिपरोजीच्या हातात आलं. ज्या पानासाठी त्याने गुहा गमावली होती, ते पान अकरा जणांच्या मधोमध बसून त्याने तीनदा वाचलं. निरिच्छबुवांनी आपलं पान वाऱ्यावर सोडून दिलं. ते खाण्याजोगं नव्हतं.

मग थंडी आली. कड्यावरचा वारा बोचरा. एका सकाळी झिपरोजी शिंकला. दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. तिसऱ्या दिवशी त्याला बसवेना, म्हणून तो आडवा झाला.

आणि त्याने डोळे किलकिले करून पाहिलं तर काय! डावीकडचं गिधाड अगदी जवळ आलेलं. उजवीकडचंही. पंखाला पंख लागायचा नाही हा नियम विसरून अकराही जण त्याच्याभोवती दाटीवाटीने उभे होते. निरिच्छबुवा वाकले. त्या मठात प्रथमच एखादं गिधाड कोणाला काही विचारत होतं.

"फार त्रास होतोय का?"

झिपरोजीला रडू आलं. अगदी हुंदका फुटला. मोहाच्या झाडाखाली लोक डोळ्यांना दिसत असेल तेच विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे. इथे विचारणाऱ्याला खरोखर उत्तर हवं होतं. अकरा जण श्वास रोखून त्या उत्तराची वाट बघत होते.

"होतोय," तो म्हणाला.

"असू दे, असू दे," निरिच्छबुवा मायेने म्हणाले. "अजिबात धडपडायचं नाही. स्वस्थ पडून राहायचं."

दोन दिवस कोणी त्याच्यापासून हललं नाही. कोणी दरीकडे पाहिलं नाही. झिपरोजी तापातही मनात म्हणत होता, आपण उगाच जगाला नावं ठेवली. जवळची माणसं असतात, फक्त ती शोधावी लागतात.

सहाव्या दिवशी त्याचा ताप उतरला. तो उठून बसला, आळस दिला आणि कपारीत हात घालून थोडा मध खाल्ला.

"आता बरं वाटतंय," तो म्हणाला. "तुमच्यामुळे."

डावीकडचं गिधाड एक उडी मागे गेलं. मग उजवीकडचं. एकेक जण आपापल्या दगडावर जाऊन बसला आणि पुन्हा दरीकडे पाहू लागला. शेवटी निरिच्छबुवाही उठले.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "आम्हाला घाई नाही."

केवढी ही निरपेक्ष माया, असं म्हणून झिपरोजीने डोळे पुसले.

तात्पर्य: एकट्याने एकांत साधत नाही. त्याला निदान बारा जण लागतात आणि त्यांतल्या अकरा जणांना बाराव्याशी काही देणंघेणं नसावं लागतं. म्हणजे, तो जिवंत असेपर्यंत.